तान्ह्या बाळाला वैद्यकीय संशोधनात सहभागी होऊ द्यावं का?

मुक्तछंदा (धागाकर्ती)

माझ्या ताईचं बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं. एनआयसीयूतून (नवजात अतिदक्षता विभागातून) बाहेर आलंय, दूध तोंडाने घेतंय, वजनही धरतंय. आता जांघेत हर्निया निघालाय, रडलं की टम्म फुगवटा येतो. ऑपरेशन करायचं ठरलंय आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही.

प्रश्न दुसराच आहे. डॉक्टरांनी ताई-भावजींना बसवून एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास भुलीनंतर काही तासांत मधेच थांबू शकतो. तसं होऊ नये म्हणून आधी कॅफिनचा एक डोस द्यावा का, हे त्यांना तपासायचंय. निम्म्या बाळांना कॅफिन, निम्म्यांना नुसतं सलाईन. कोणाला काय हे संगणक ठरवणार आणि ते डॉक्टरांनाही कळणार नाही. रात्रभर मॉनिटर मात्र सगळ्यांना. शिवाय रक्ताचे एक-दोन जादा नमुने आणि दोन वर्षांचं झाल्यावर विकासाच्या चाचण्या.

भावजींनी तिथेच सांगितलं, "माझं पोर म्हणजे गिनीपिग नाही." ताई गप्प आहे. मला विचारते, तू वाचतेस ना बरंच, सांग. मी काय सांगू? आपल्या बाळाला थेट फायदा होईलच असं नसताना होकार द्यावा का? आणि द्यायचा तर आधी काय काय विचारून घ्यावं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. परवापर्यंत कळवायचंय.

रानवाट

नाही. सरळ नाही. एवढ्याशा जिवाने आधीच पुष्कळ सोसलंय.

सदू_पाटीवाला

रानवाट +१. मोठ्या माणसाने स्वतःवर काय हवं ते करून घ्यावं. बाळ बोलू शकत नाही, त्याच्या वतीने असा होकार देण्याचा हक्क आईबापालाही नाही असं माझं मत.

मध्यान्ह

कॅफिन म्हणजे आपल्या कॉफीतलं तेच का? तसं असेल तर आमच्या ऑफिसात सगळे या अभ्यासात आहेत आणि सकाळी अकराच्या आत कोणालाही सलाईनच्या गटात टाकू नये ही नम्र विनंती. :)

मुक्तछंदा, बाळाला खूप शुभेच्छा. गंभीर उत्तरं जाणकार देतीलच.

दुपटं

मध्यान्ह, हो, तेच ते. मी नवजात शिशुविभागात डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सदूभाऊ, तुमच्या म्हणण्यामागची काळजी मला कळते. पण बाळांवर संशोधन केलं नाही म्हणजे बाळं सुरक्षित राहतात, असं होत नाही. मग अंदाजाने उपचार होतात, प्रत्येक बाळावर होतात, आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

ऑक्सिजनचंच बघा. १९४० च्या दशकात नवे बंदिस्त इनक्युबेटर आले आणि कमी दिवसांच्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन मिळू लागला. बाळ गुलाबी दिसायचं, सगळे खूश. त्याच सुमाराला ही बाळं आंधळी होऊ लागली. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, पण पुष्कळांना ते पटेना. वॉशिंग्टनमधल्या एका सुरुवातीच्या अभ्यासात तर कमी ऑक्सिजनच्या गटातल्या बाळांची दया येऊन काही परिचारिका रात्री गुपचूप नळ वाढवायच्या. त्यांच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण अपाय त्यानेच होत होता. शेवटी १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली, तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

मिटला असं वाटलं, म्हणजे. त्यानंतर सगळीकडे ऑक्सिजन आखडता घेतला गेला, तोही किती आखडायचा हे न तपासता. १९७३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात केनेथ क्रॉस यांनी हिशोब मांडला: वाचलेल्या एका दृष्टीमागे अंदाजे १६ बाळं दगावली असावीत. आधी अंदाजाने जास्त दिला, मग अंदाजाने कमी केला, आणि दोन्ही वेळा भोगलं बाळांनीच. हा इतिहास आम्हाला शिकताना शिकवतात, आणि हात सैल सोडून 'देऊन तर बघू' म्हणायची सवय त्याने जाते.

लेकुरवाळी

वाचून काटा आला. त्या परिचारिकांच्या जागी मी असते तर मीही नळ वाढवला असता.

काजळमाया

दुपटं यांनी लिहिलेलं खरं आहे, पण अर्धं आहे. पुढचं मी लिहिते.

याच ऑक्सिजनवर 'सपोर्ट' नावाची मोठी चाचणी झाली, निकाल २०१० मध्ये आले. २४ ते २७ आठवड्यांची १३१६ बाळं. एका गटाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ८५ ते ८९ टक्क्यांत ठेवायचं, दुसऱ्याचं ९१ ते ९५ मध्ये. दोन्ही पातळ्या तेव्हा रूढ होत्या. कमी पातळीच्या गटात वाचलेल्यांमध्ये डोळ्याचा गंभीर आजार ८.६ टक्के, दुसऱ्यात १७.९. मृत्यू मात्र कमी पातळीच्या गटात १९.९ टक्के आणि दुसऱ्यात १६.२. आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्याच सरकारी देखरेख कार्यालयाने ठपका ठेवला की पालकांच्या संमतीपत्रात अंधत्व आणि मृत्यू यांचा धोका पुरेसा स्पष्ट लिहिलेला नव्हता. त्यावरून डॉक्टरांमध्येच दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

त्याआधीचं विलोब्रुक आठवा. न्यूयॉर्कमधल्या मतिमंद मुलांच्या त्या संस्थेत १९५० च्या दशकापासून मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग दिला गेला. कारण काय, तर 'तशीही त्यांना ती होणारच होती.' पालकांच्या सह्या घेतलेल्या होत्या, हे लक्षात घ्या.

मी संशोधनाच्या विरोधात नाही. पण 'विज्ञानासाठी' म्हटलं की आपण भारावून सही करतो. मुक्तछंदाच्या भावजींना कोणी अडाणी ठरवू नये म्हणून हे लिहिलं. त्यांचा संशय शहाणपणाचा आहे.

दुपटं

काजळमाया, मान्य. सपोर्टच्या संमतीपत्रात ते स्पष्ट लिहायलाच हवं होतं. एवढंच जोडतो की आज आम्ही सॅच्युरेशन किती ठेवायचं हे ठरवतो ते त्या आणि तिच्यासारख्या इतर चाचण्यांतल्या बाळांमुळेच. सॅच्युरेशन कमी ठेवलं तर मृत्यूचं प्रमाण वाढतं हे त्याआधी कोणालाच खात्रीने माहीत नव्हतं.

गणिती_गोगलगाय

चिठ्ठी टाकून ठरवण्याबद्दल. पालकांना हाच भाग सगळ्यात खटकतो: 'माझ्या बाळाचा उपचार नाणेफेकीने?' मी चाचण्यांच्या आकडेवारीत काम करते. चिठ्ठी टाकली नाही तर डॉक्टर नकळत नाजूक बाळाला औषध देतात आणि धडधाकट बाळाला देत नाहीत. मग औषध घेतलेली बाळं जास्त आजारी निघतात आणि चांगलं औषध वाईट ठरतं. कधी याच्या बरोबर उलटंही होतं. चिठ्ठीने दोन्ही गट सारखे होतात, एवढंच तिचं काम.

दुसरी गोष्ट पालकांना सहसा सांगितली जात नाही. चाचणी चालू असताना एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे बघते. एका गटाचं ठळक नुकसान किंवा ठळक फायदा दिसला तर ती चाचणी थांबवायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कांगारू केअरच्या, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याच्या, चाचणीत असंच झालं. भारत, घाना, मालावी, नायजेरिया, टांझानिया या देशांतली पाच रुग्णालयं, ३२११ बाळं. जन्मल्या जन्मल्या छातीशी धरलेल्या गटात मृत्यू १२ टक्के, आधी बाळ स्थिर होऊ द्या म्हणणाऱ्या गटात १५.७. समितीने चाचणी वेळेआधी थांबवली, कारण दुसऱ्या गटातल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं आता योग्य नव्हतं. निकाल २०२१ चा आहे.

मुक्तछंदा, त्यांना नक्की विचारा: अशी समिती आहे का, आणि ती डॉक्टरांच्या टीमबाहेरची आहे का?

लेकुरवाळी

माझ्या धाकट्याला छातीशी धरून बसायचे मी तासन्‌तास. ते असं कोणीतरी मोजून सिद्ध केलंय हे माहीतच नव्हतं. छान वाटलं.

बोगनवेल

मी नवजात विभागात परिचारिका आहे. वरच्या चर्चेत बाळाच्या अंगावर काय होतं ते कोणी लिहिलं नाही.

एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८०-९० मिली रक्त असतं. लहानसा पेला भरेल, बास. त्यामुळे 'दोन जादा नमुने' ऐकलं की माझा पहिला प्रश्न: किती मिली? वेगळी टोचणी की रोजच्या तपासणीतलंच उरलेलं? टाचेतून घेणार असाल तर टाच आधी कोमट करणार का, साखरेच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर देणार का? चिकटपट्टी काढतानासुद्धा या बाळांची कातडी सोलवटते. आम्ही ती ओल्या बोळ्याने भिजवत भिजवत, कातडी बोटाने दाबून धरून, कडेने उचलतो. संशोधनाच्या कागदावर ही पट्टी कुठेच नसते. ताईचं बाळ आता मोठं झालंय, तरी प्रश्न तेच.

आणि संमती कधी मागितली तेही बघा. प्रसूतीनंतर काही तासांत, रात्री, आईला धड बसता येत नसताना कागद पुढे केलेले मी पाहिलेत. मला ते कधीच पटलं नाही. तुमच्या ताईला दोन दिवस विचाराला दिलेत, ही चांगली खूण आहे.

सदू_पाटीवाला

बोगनवेलताई, तुमच्यासारखं माणूस तिथे असेल तर माझा विरोध थोडा मवाळ होईल. थोडाच.

आडवाटेचा_प्रवासी

अवांतर: मुलांची औषधं मोठ्यांची गोळी मोडून का द्यावी लागतात? आमच्या लेकीला हृदयासाठीची गोळी देताना फार्मासिस्टने पूड करून पुड्या बांधून दिल्या होत्या. प्रत्येक पुडीत नक्की किती औषध गेलं देव जाणे.

दुपटं

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. पुष्कळ औषधांची चाचणी मुलांवर झालेलीच नसते, त्यामुळे मोठ्यांचा डोस वजनाच्या हिशोबाने कमी करून देतात. पण बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मोठ्यांना चालत होतं, म्हणून नवजातांनाही भरपूर दिलं गेलं. त्यांच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं. बाळं राखाडी पडायची, पोट फुगायचं आणि दगावायची. १९५९ मध्ये कारण कळलं, तेही औषध दिलेल्या आणि न दिलेल्या गटांची रीतसर तुलना केल्यावर.

टाकेबंद

मी बालशल्यविशारद आहे. हर्नियाचं नाव दिसलं म्हणून थांबलो.

मुक्तछंदा, कॅफिनच्या अभ्यासाआधी एक विचारा: ऑपरेशन आत्ताच का? अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हर्निया घरी सोडण्याआधी शिवायचा की थांबून, यावर आम्ही वर्षानुवर्षं नुसते वाद घातले. लवकर करा म्हणणारे आतडं अडकण्याच्या भीतीने बोलायचे, थांबा म्हणणारे भुलीच्या भीतीने. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. लवकर केलेल्या गटात २८ टक्के बाळांना निदान एक तरी गंभीर त्रास झाला. गर्भावस्थेपासून मोजून ५५ आठवडे उलटल्यावर केलेल्या गटात १८ टक्के. म्हणजे पुष्कळांना थांबणं बरं. अर्थात हर्निया वारंवार अडकत असेल, आत ढकलायला कठीण जात असेल तर गोष्ट वेगळी. ते तपासणारा सर्जनच सांगेल.

आमच्याकडे चाचण्या कमी होतात त्याची कारणं आहेत. आजार दुर्मीळ असतात. अन्ननलिका जोडलेली नसणं घ्या, काही हजारांत एका बाळाला. एका रुग्णालयात वर्षाला मोजकीच बाळं येतात, तुलना करायची कोणाशी? तुलनेसाठी खोटी गोळी देता येते, तसं खोटं ऑपरेशन करता येत नाही. आणि खरं सांगायचं तर सर्जनला स्वतःच्या हाताच्या पद्धतीवर फार विश्वास असतो. 'माझे रुग्ण बरे होतात' हे वाक्य मी परिषदांमध्ये इतकं ऐकलंय की आता राग येतो. आपल्याकडून गेलेली बाळं पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांचं काय झालं हे कोण बघतं?

तरी झालेल्या चाचण्यांनी पुष्कळ बदललं. मणक्याच्या उघड्या व्यंगावर गर्भातच शस्त्रक्रिया करावी का, यावर २०११ ची चाचणी बघा. डोक्यातलं पाणी काढायला नळी बसवण्याची गरज जन्मानंतर शिवलेल्या बाळांत ८२ टक्के होती, गर्भात शिवलेल्यांत ४० टक्के. किंमत आईने मोजली: प्रसूती लवकर होणं, गर्भाशयावरचा व्रण विरळ होणं. हे दोन्ही बाजूंचे आकडे समोर असल्यामुळेच आज त्या आईशी प्रामाणिक बोलता येतं.

काजळमाया

टाकेबंद, तुमच्याच क्षेत्रात बाळांना वेदना कळत नाहीत असं समजून जेमतेम भुलीवर ऑपरेशनं होत होती ना? १९८० च्या दशकापर्यंत?

टाकेबंद

हो. स्नायू सैल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड, हलकी भूल देणारा वायू. बाळ हलायचं नाही, म्हणून सगळं ठीक समजायचे. भूल जास्त दिली तर बाळ झेपणार नाही ही भीती होती. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशनात निम्म्या बाळांना फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामकही दिलं. त्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि ऑपरेशननंतर गुंतागुंतही कमी झाली. १९८७, लॅन्सेट. तो अभ्यास झाला नसता तर ती भीती आणखी किती वर्षं टिकली असती, याचा विचारही करवत नाही.

रानवाट

म्हणजे त्या दुसऱ्या निम्म्या बाळांना वेदना होऊ दिल्या. मला हेच सहन होत नाही.

टाकेबंद

रानवाट, त्या निम्म्यांना मिळालं ते तेव्हा सगळ्यांनाच मिळत होतं. पण तुमचं म्हणणं मनाला लागतं, आणि लागायलाच हवं.

निंबोणी

आम्ही यातून गेलोय म्हणून लिहितो. मुलीला चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, ल्युकेमिया. चाचणीत सहभागी झालो. आमच्या चाचणीत नवं औषध नव्हतंच. जुन्या उपचारातला एक जहाल भाग कमी करून चालेल का, हा प्रश्न होता. संशोधन म्हणजे काहीतरी वाढवणं असंच मला वाटायचं, काढून टाकण्यासाठीही करतात हे तिथे कळलं. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलं तेव्हा मुलं काही महिने सावरायची आणि परत आजार उलटायचा. आज चांगल्या सोयी असतील तिथे दहातली नऊ मुलं बरी होतात. मधे फार मोठं एखादं जादूचं औषध आलेलं नाही. एका चाचणीतून पुढची, असं करत मुलामुलांनी हे अंतर कापलंय.

आम्हाला झालेला त्रासही सांगतो. प्रश्नावल्या फार. मुलगी तापाने फणफणलेली असताना 'गेल्या आठवड्यात ती किती वेळा हसली' असं विचारणारा कागद समोर आला, तेव्हा मी तो फाडणार होतो. संशोधन समन्वयक बाईंनी कागद काढून घेतला, म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. त्या बाईंमुळे आम्ही टिकलो. म्हणून मुक्तछंदा, कागदावरच्या नावांपेक्षा रोज फोन कोण उचलणार, ते विचारून घ्या.

गणिती_गोगलगाय

निंबोणी, फार मोलाचं लिहिलंत. ते कागद आम्ही बनवतो. उद्याच्या बैठकीत तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

पाणकळा

मला एक मुद्दा मांडायचाय. 'बाहेरच्या देशात सिद्ध झालंय ना, मग आपल्या बाळांवर पुन्हा कशाला' असं नेहमी ऐकू येतं. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला. तोच भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला, २०२१ चा हेलिक्स अभ्यास. थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के मृत्यू, न ठेवलेल्यात ३१. तपासलं नसतं तर चांगल्या हेतूने सगळीकडे सुरू राहिलं असतं.

हिरवा_चाफा

मुक्तछंदा, एक विचारू? ताईला प्रसूतीआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली होती का?

मुक्तछंदा (धागाकर्ती)

हो, दिली होती. का?

हिरवा_चाफा

ती स्टिरॉइड्स. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. स्टिरॉइड दिल्यावर वेळेच्या खूप आधी जन्मलेली, जगणं अशक्य वाटावं अशी कोकरंही श्वास घेत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी ऑकलंडमध्ये २८२ आयांना चाचणीसाठी विचारलं. १९७२ मध्ये निकाल छापून आला. त्यांतल्या निम्म्या आयांना ते औषध मिळालंच नाही, आणि आपल्याला काय मिळतंय हे होकार देताना कोणालाच माहीत नव्हतं. भावजींना दटावून नको, पण हे सांगून बघा.

कॅफिनचंही तसंच. कमी वजनाच्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून ते कित्येक वर्षं देत होते, दूरगामी परिणाम न तपासता. मग दोन हजार सहा बाळांची चाचणी झाली. फुप्फुसाचा जुनाट आजार कमी झालाच, शिवाय दीड-दोन वर्षांनी पाहिलं तर सेरेब्रल पाल्सीही (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) कमी: ७.३ ऐवजी ४.४ टक्के. ऑपरेशनआधीच्या एका डोसाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे पुरावा छोट्या छोट्या अभ्यासांचाच आहे, म्हणून तुमच्याकडे विचारणा झाली असणार.

मुक्तछंदा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्ण धागा ताई-भावजींना वाचून दाखवला. विलोब्रुकशी भावजी म्हणाले, "बघ." कोकरांशी काही बोलले नाहीत.

आज पुन्हा जाऊन भेटलो. टाकेबंद यांचा प्रश्न आधी विचारला. हर्निया दोनदा अडकला होता, दुसऱ्यांदा आत ढकलायला बराच वेळ लागला, म्हणून थांबणं बरं नाही असं सर्जननी सांगितलं. आम्हाला पटलं. मग बाकीचे. सलाईनच्या गटातल्या बाळाचा श्वास थांबला तर? कॅफिन लगेच देणार, दोन्ही गटांत सारखंच, त्यासाठी गट उघड करावा लागत नाही. स्वतंत्र समिती आहे. संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र दाखवलं. मधेच बाहेर पडलो तर उपचारात काही फरक पडणार नाही, हे कागदावर लिहिलेलं आहे. रक्त ०.३ मिली, दोनदा, त्यातलं एकदा वेगळी टोचणी.

शेवटी भावजींनीच ठरवलं. अभ्यासाला होकार, वेगळ्या टोचणीला नकार. असं चालतं का हे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, चालतं, त्या चौकोनात फुली करा. एक नमुना ऑपरेशनच्या वेळी लावायच्या सलाईनच्या सुईतूनच घेतील. सही ताईने केली.

सदू_पाटीवाला

माझं मत अजून तेच आहे. पण फुली करायचा चौकोन असतो हे मला माहीत नव्हतं. बाळाला आशीर्वाद.

काजळमाया

उत्तम निर्णय. तो चौकोन प्रत्येक कागदावर असतोच असं नाही, तेव्हा नसेल तिथे मागा.

बोगनवेल

मुक्तछंदा, तीन कामं आजच करा. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. बाळाच्या फाईलच्या वरच्या पानावर अभ्यासाचं नाव आणि रात्रीही लागणारा फोन नंबर लिहून ठेवा, म्हणजे दुसरीकडे कुठे न्यावं लागलं तरी तिथल्या डॉक्टरांना कळेल. आणि पत्ता किंवा नंबर बदलला तर समन्वयकांना कळवा. दोन वर्षांच्या चाचणीला निम्मी मुलं सापडली नाहीत तर बाकीच्यांनी टोचून घेतलेलं फुकट जातं.

ऑपरेशनच्या आधी किती तास दूध बंद ठेवायचं ते भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. आईचं दूध आणि पावडरचं दूध यांचे तास वेगळे असतात.